रस्त्यावरचे मृत्यू साथरोगासारखे मोजता येतील का? संदर्भ: ग्रामीण विदर्भ

ग्रामीण_वैद्यक (धागाकर्ता)

गावात डेंग्यूचा एक रुग्ण सापडला तरी आरोग्य खात्याचे पथक घरोघरी फिरून रांजण आणि टाक्या तपासते, ताप कधी आला, रुग्ण कुठे जाऊन आला, शेजारी आणखी कुणी आजारी आहे का, याची नोंद करते. त्याच गावातला तरुण आठवडी बाजाराहून परतताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून दगावला, तर पारावरची चर्चा मात्र पोराने गाडी हाणली होती की ट्रॉलीवाल्याची चूक होती, इथेच फिरत राहते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे आणि माझे पदव्युत्तर शिक्षण सामाजिक वैद्यकशास्त्रातले असल्यामुळे मला या मृत्यूंकडे कोण, कुठे आणि कधी या तीन प्रश्नांतून पाहण्याची सवय आहे. चूक कुणाची हा प्रश्न न्यायालयासाठी आवश्यकच आहे, परंतु पुढच्या वर्षीचे मृत्यू कमी करायचे असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे आणि त्यावर येथे चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात नोंदले गेले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली, म्हणजे दररोज सरासरी 462. महाराष्ट्रातील आकडा 15,224 होता आणि आपल्यापुढे केवळ उत्तर प्रदेश व तामिळनाडू ही दोनच राज्ये होती. मृतांपैकी सुमारे 68 टक्के ग्रामीण भागात गेले. दुचाकीवरचे 44.5 टक्के, पायी चालणारे 19.5 टक्के. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत जेमतेम पाच टक्के भरतात, तरी साठ टक्के मृत्यू त्यांच्यावर होतात. संध्याकाळी 6 ते 9 या तीन तासांत एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात घडतात. एखादा आजार असा ठरावीक गटातील माणसांना, ठरावीक जागी, ठरावीक वेळी गाठत असता तर त्याला आपण नशीब म्हटले नसते.

याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्याकडे सहसा कुणी पाहत नाही. दर 100 अपघातांमागे 36.5 मृत्यू. इतके प्राणघातक अपघात प्रत्यक्षात असूच शकत नाहीत, कारण एका मृत्यूमागे गंभीर जखमी आणि किरकोळ जखमी यांची संख्या कितीतरी पटीने मोठी असते. याचा सरळ अर्थ असा की पाय मोडला, डोके फुटले, दोन्ही पक्षांनी जागेवरच मिटवून घेतले, असे बहुसंख्य अपघात कागदावर येतच नाहीत, आणि जे येतात त्यांच्यावरून आपण सगळ्या अपघातांचे स्वरूप ठरवतो.

वणीकर_भाऊ

डॉक्टरसाहेब, आकडे आपले ठीक आहेत, परंतु आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही विचारले तर तो कारण एका शब्दात सांगेल, आणि ते कारण म्हणजे दारू. त्याच्या जोडीला ट्रिपल सीट, विनापरवाना गाडी आणि हेल्मेट आरशाला लटकवलेले. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. वर्धा जिल्ह्यात ती 1970 च्या दशकापासून आहे, गडचिरोलीत 1993 पासून. मग बंदी असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील अपघाती मृत्यूंची तुलना केली तर तुमच्या शास्त्राला उत्तर मिळून जाईल की नाही? एवढा मोठा प्रयोग सरकारने फुकट करून ठेवला आहे.

ग्रामीण_वैद्यक

भाऊ, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि या तुलनेचा मोह मलाही होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण दारूच्या नोंदीची. मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात मद्यपान करून वाहन चालवल्यामुळे झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या अडीच टक्क्यांच्या आसपास दाखवले आहेत. रात्रीच्या पाळीत काम केलेला कोणताही डॉक्टर हा आकडा पाहून हसेल. कायद्याने मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे, पण ते मोजण्यासाठी रक्त वेळेत घ्यावे लागते, मोहरबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि अहवाल येईपर्यंत गुन्ह्याचा फॉर्म कधीच भरून झालेला असतो. जखमीचा जीव वाचवण्याच्या धावपळीत कित्येकदा नमुना घेतलाच जात नाही. तेव्हा ते अडीच टक्के म्हणजे दारूचे प्रमाण नव्हे, दारू तपासून सिद्ध झाल्याचे प्रमाण होय.

दुसरी अडचण तुलनेची. चंद्रपुरातील बंदी उठली ते वर्ष कोविडच्या दुसऱ्या लाटेचे. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे देशभरातील मृत्यू 1,31,714 पर्यंत उतरले आणि 2021 मध्ये पुन्हा 1,53,972 झाले, म्हणजे बंदी उठण्याच्या आसपास सगळीकडेच आकडा चढत होता. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या ट्रकांची वाहतूक आहे, तशी वर्ध्यात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पलीकडे बंदी असताना तिकडची माणसे नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या वणीकडे प्यायला येत होती, हे आपणही जाणताच. पिऊन परत जाणारा माणूस पुलाच्या अलीकडे मेला तर तो यवतमाळच्या खात्यात आणि पलीकडे मेला तर चंद्रपूरच्या. बंदीने पिण्यासाठी जाण्या-येण्याचे अंतर वाढवले असेल, तर मृत्यू कमी झाले की केवळ जागा बदलली, हे जिल्हानिहाय आकड्यांतून कळणार नाही. त्यासाठी दोन्ही तीरांवरची पोलीस ठाणी एकत्र घेऊन वाहनसंख्या, ट्रकांची वर्दळ आणि वेळ यांचा हिशेब करावा लागेल. दारू घातक आहे यात शंका नाही. ती किती घातक आहे, हे आजच्या नोंदींतून काढता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माजी_जमादार

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून कागदाची बाजू सांगतो. डॉक्टरसाहेबांनी दारूच्या रकान्याबद्दल लिहिले तेच वेगाच्या रकान्याबद्दलही खरे आहे. सरकारी अहवालात अतिवेगामुळे झालेले मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक दिसतात. आता फिर्याद कशी लिहिली जाते ते पाहा: "आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून..." हे वाक्य आमच्या हाताला इतके बसलेले असते की पेन आपोआप चालते. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 279 आणि 304-अ लागायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 281 आणि 106 लागते, पण कलम टिकवण्यासाठी चालकाची हयगय दाखवावी लागते ही गोष्ट बदललेली नाही. रस्त्यावरचा दिवा बंद होता किंवा वळणावर झुडपे वाढली होती, असे लिहिले तर बचाव पक्षाच्या वकिलाला आयते सापडते. त्यामुळे पंचनाम्यात रस्त्याचा दोष फार क्वचित उतरतो.

अलीकडे अपघाताची माहिती जागेवरूनच मोबाइल ॲपमध्ये भरावी लागते. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी तयार केलेली ती प्रणाली आहे आणि महाराष्ट्र हे सुरुवातीच्या राज्यांपैकी एक होते. तीत अक्षांश-रेखांश येतात, फोटो येतात, रस्ता विभागालाही त्यांचा भाग भरावा लागतो. चांगली सोय आहे. तरी रात्री अकरा वाजता मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद), पंचनामा, वाहतूक मोकळी करणे आणि नातेवाइकांचा संताप हे सगळे एकाच हवालदाराच्या अंगावर असते, तेव्हा कारणाच्या रकान्यात तो काय निवडणार, हे वेगळे सांगायला नको.

ग्रामीण_वैद्यक

जमादारसाहेब, आपले मनापासून आभार. हे बाहेरच्या माणसाला कधीच समजले नसते.

यालाच जोडून मृत्यूंच्या एकूण संख्येबद्दल लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या अहवालात भारतासाठी 2016 चा नोंदलेला आकडा 1,50,785 दिला आणि स्वतःचा अंदाज 2,99,091 असा मांडला. जवळपास दुप्पट. पुढे 2023 च्या अहवालात 2021 साठीचा अंदाज दोन लाख सोळा हजारांच्या आसपास आला, म्हणजे फरक कमी झाला पण मिटला नाही. या अंदाजांत गणिती प्रारूपे असतात, म्हणून मला त्यांच्यापेक्षा घरोघरी जाऊन केलेली मोजणी अधिक विश्वासाची वाटते. नमुना नोंदणी पद्धतीतील, म्हणजे जन्ममृत्यूंच्या सरकारी पाहणीसाठी निवडलेल्या, घरांत जाऊन, मृत व्यक्तीच्या घरच्यांना मृत्यूपूर्वीच्या घटना विचारून, मग डॉक्टरांनी कारण ठरवायचे, अशा रीतीने देशात दहा लाख मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यावरून 2005 या वर्षासाठी रस्ते अपघातांतील मृत्यू 1,83,600 निघाले, जे पोलिसांच्या आकड्यापेक्षा सुमारे दीडपट होते. विशेष म्हणजे त्यांत पायी चालणाऱ्यांचे प्रमाण 37 टक्के होते. ते वर्ष वेगळे होते, तेव्हा गावात मोटारसायकली इतक्या नव्हत्या, हे मान्य करूनही पायी चालणारा माणूस नोंदीतून सर्वांत आधी गळतो, असा माझा निष्कर्ष आहे. त्याच्याजवळ वाहन नसते, विमा नसतो, आणि धडक देणारा पळून गेला तर फिर्याद कुणाविरुद्ध द्यायची, हाही प्रश्न असतो.

सिस्टर_ताई

मी उपजिल्हा रुग्णालयात अपघात विभागात काम करते. मृत्यू नोंदीतून कसा गळतो, ते मी रोज पाहते, म्हणून लिहिते.

डोक्याला मार लागलेला रुग्ण आमच्याकडे येतो. आम्ही श्वासमार्ग मोकळा करतो, रक्तस्राव थांबवतो, सलाइन लावतो आणि नागपूरला पाठवतो, कारण मेंदूची शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद जिल्ह्याच्या ठिकाणीदेखील नेहमी मिळत नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाल्यापासून रुग्ण जीपमध्ये आडवा टाकून नेण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले, पण वाहन आले तरी अंतर तेवढेच राहते. रुग्ण नागपुरात दगावला तर तिथल्या ठाण्यात मर्ग दाखल होतो आणि कागद मूळ ठाण्याकडे वर्ग होतो. तो कागद वेळेवर पोहोचला तर आधी गंभीर दुखापतीचा असलेला गुन्हा मृत्यूचा होतो. पैसे संपले म्हणून घरच्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला परत नेले आणि तो घरीच पंधरवड्याने गेला, तर शवविच्छेदन होत नाही आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत कारण म्हणून घरचे जे सांगतील ते लिहिले जाते. अपघातानंतर 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूत धरायचा, असा नियम आहे. परंतु तीस दिवस त्या माणसाचा पाठपुरावा कुणी करायचा, हे ठरलेले नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने काम करते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वारसाला दोन लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. त्यामुळे सातबारा असलेल्या घरातला मृत्यू नीट नोंदवला जातो. शेतमजुराच्या घरचा तसा जात नाही. ही माझी समजूत आहे, पण कुणी तपासून पाहावी अशी आहे.

निवृत्त_उपअभियंता

बांधकाम खात्यात आयुष्य गेले. वरील चर्चेत माणूस आणि कागद आले, रस्ता मात्र अजून आला नाही.

धागाकर्त्याच्या पहिल्याच परिच्छेदातील उभी ट्रॉली घेऊ. रस्ते संकल्पनाच्या मानकांनुसार 60 किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबण्यासाठी 80 मीटर, 80 च्या वेगाला 120 मीटर आणि 100 च्या वेगाला 180 मीटर पुढचे दिसले पाहिजे. यात चालकाला अडथळा ओळखून ब्रेक दाबण्यासाठी अडीच सेकंद धरलेले असतात. साठच्या वेगाने मोटारसायकल अडीच सेकंदांत चाळीस मीटरहून अधिक जाते. आता तिच्या डिपर केलेल्या दिव्याचा उजेड साधारण तेवढाच पडतो. म्हणजे मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसली त्या क्षणापासून, पूर्ण शुद्धीत असलेल्या, परवानाधारक, हेल्मेट घातलेल्या चालकाचाही पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ती ट्रॉली गाठलेली असते. समोरून ट्रकचा प्रखर झोत डोळ्यांवर असेल तर तेवढेही दिसत नाही. या अपघाताचे कारण पंचनाम्यात "अतिवेग" असे येईल, आणि तो वेग कायद्याच्या मर्यादेत असेल.

दुसरी गोष्ट चौपदरीकरणाची. नागपूर ते हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा हा महामार्ग घ्या किंवा अमरावती ते अकोला घ्या. रस्ता रुंद झाल्याने वाहनांचा वेग वाढला, परंतु गाव एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला ही स्थिती तशीच राहिली. वळण घेण्याची अधिकृत जागा दूर असेल तर बैलबंडीवाला आणि मोटारसायकलवाला उलट्या दिशेने येणारच, किंवा दुभाजक फोडून वाट काढणारच. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. मी स्वतः अशा दुभाजकांतल्या वाटा बंद करून घेतल्या आणि पोळ्याच्या आत त्या पुन्हा उघडलेल्या पाहिल्या. सेवारस्ता सलग असेल आणि फाट्यावर बोगदा असेल तिथे कुणीही दुभाजक फोडत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर "काळा ठिपका", म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवण्याचा निकष असा आहे की सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर जखमींचे पाच अपघात किंवा एकूण दहा मृत्यू. निकष चांगला आहे, पण त्याचा अर्थ तेवढी माणसे गेल्याशिवाय त्या जागेकडे पैसा वळत नाही. आणि जिल्हा मार्गांवर मृत्यू विखुरलेले असतात, एकेका वळणावर एकेक, त्यामुळे ते या निकषात बसतच नाहीत.

धुऱ्यावरचा

ट्रॉलीवाल्यांची बाजू कुणीच मांडत नाही, म्हणून मी लिहितो. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे आणि मी कापूस जिनिंगला (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) घेऊन जातो.

ट्रॉलीला दिवा नसतो असे नाही. नवी असताना असतो. कापूस भरताना फळ्यांच्या वर बांबू लावून माल चढवतात, त्यावर ताडपत्री ओढून दोर आवळतात आणि ताडपत्रीचे टोक मागे खाली लोंबते, ते नेमके दिवा आणि रिफ्लेक्टर यांच्यावर येते. दिव्याची वायर ट्रॅक्टर जोडताना-सोडताना तुटते आणि वावरातल्या चिखलाने उरलेली सडते. जिनिंगच्या फाटकापुढे हंगामात लांब रांग लागते, ती रस्त्यावर येते, आणि अंधार पडला तरी नंबर जाईल म्हणून कुणी गाडी बाजूला घेत नाही. रिफ्लेक्टरची पट्टी स्वस्त असते, हे मान्य. ती फळीवर न लावता खाली चाकामागच्या लोखंडी चौकटीवर लावली तर ताडपत्रीखाली जात नाही, हे मी करून पाहिले आहे. जिनिंगवाल्यांनी आणि बाजार समितीने आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला तिथेच पट्टी मारून द्यावी. पोलिसांनी दंड करून हे होणार नाही, कारण रात्री आडमार्गावर दंड करायला पोलीस असतोच कुठे?

आणि रोही (नीलगाय) विसरू नका. कापसातून रोही एकदम रस्त्यावर येतो आणि त्याला धडकून पडलेल्या माणसाची नोंद "वाहन घसरून" अशी होते.

वणीकर_भाऊ

ट्रॉलीचे पटले. पण समृद्धी महामार्गावर ना ट्रॉली, ना बैलबंडी, ना मोटारसायकल. तरी 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ बस पेटून 25 जण गेले. तिथे रस्ता तर मानकांप्रमाणेच होता. मग तिथे चालकाचाच दोष म्हणावा लागेल ना?

ग्रामीण_वैद्यक

त्या रात्रीची बातमी संपूर्ण देशाने पाहिली. राज्यात 2022 साली दररोज सरासरी 41 ते 42 माणसे जात होती, म्हणजे त्या बसमधील मृत्यू हे एका साध्या दिवसाच्या संख्येपेक्षा कमी होते. साधा दिवस बातमी होत नाही, कारण त्यातले मृत्यू चाळीस वेगवेगळ्या फाट्यांवर वाटलेले असतात.

तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी अपघाताची मांडणी नऊ चौकटींत केली होती: धडकेच्या आधी, धडकेच्या वेळी आणि धडकेनंतर, आणि प्रत्येक वेळी माणूस, वाहन व परिसर. आपण बोलतो ते "धडकेच्या आधीचा माणूस" या एकाच चौकटीबद्दल. बस पेटली त्या अपघातात चालकाचे काय झाले, हा एक भाग झाला. बस उलटल्यावर दार कोणत्या बाजूला दबले, आत अडकलेल्यांना बाहेर पडायला दुसरी वाट होती का, इंधन का पेटले, हे भाग चालकाच्या हातात नव्हते, आणि माणसे वाचली वा गेली ती तिथे. हेल्मेटचेही तसेच आहे. ते अपघात टाळत नाही, परंतु अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी करते. चूक झाल्यावरही माणूस जगावा, अशी ती सोय आहे.

भारतात ही दृष्टी रुजवण्यात दिल्ली आयआयटीचे दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन यांचा मोठा वाटा होता. विशेष म्हणजे त्यांनी मळणीयंत्रात हात जाणाऱ्या शेतकऱ्यांवरही काम केले होते. मजुराला "सांभाळून काम कर" असे सांगण्यापेक्षा यंत्राचे तोंड असे करावे की हात आत पोहोचणारच नाही, हा त्यामागचा विचार धुऱ्यावरच्या भाऊंनी लोखंडी चौकटीवर लावलेल्या पट्टीतही दिसतो.

सिस्टर_ताई

धडकेनंतरच्या चौकटीबद्दल थोडे. जखमीला उचलून आणणाऱ्या माणसाला पोलीस अडकवतात, ही भीती गावात अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि नंतर 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम 134-अ अन्वये त्याला संरक्षण दिले आहे, त्याला नाव सांगण्याची सक्तीदेखील करता येत नाही. शिवाय मे 2025 मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी किती नातेवाइकांना हे ठाऊक असते, ते विचारू नका. पोलीस पाटलांनी ग्रामसभेत हे वाचून दाखवायला हवे.

माजी_जमादार

मग आता करायचे काय, ते ठरवू. माहितीच्या अधिकारात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकांचे इतिवृत्त मिळते, आणि ती समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असल्यामुळे तिच्यापुढे अर्ज नेता येतो. आपल्या दोन-तीन तालुक्यांपुरती नोंद आपणच ठेवायची असेल तर रकाने कोणते असावेत?

ग्रामीण_वैद्यक

नाव नको. वय, लिंग, पायी की वाहनावर, कोणत्या वाहनाने धडक दिली, वेळ, वार, आठवडी बाजाराचा दिवस होता का, जवळचा किलोमीटर दगड, उजेड होता की अंधार, पुढच्या वाहनाला मागे दिवा वा रिफ्लेक्टर होता का, हेल्मेट डोक्यावर होते की आरशावर, पहिल्या रुग्णालयात पोहोचायला लागलेला वेळ, पुढे कुठे पाठवले, आणि तिसाव्या दिवशी माणूस आहे की नाही. शेवटच्या रकान्यासाठी आशाताईंची मदत घ्यावी लागेल, कारण घरी परतलेल्या रुग्णाकडे त्याच जातात. कारण असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. उपअभियंता साहेबांनी दृश्यमानतेसाठी आणखी एखादा रकाना सुचवावा, आणि धुऱ्यावरच्या भाऊंनी कापूस हंगाम सुरू होण्याआधी जिनिंगच्या फाटकावर पट्टी लावण्याबाबत बाजार समितीला द्यायच्या अर्जाचा मसुदा इथेच टाकावा.

निवृत्त_उपअभियंता

झुडपांची उंची आणि रस्त्याच्या कडेची खाच, हे दोन रकाने घाला. डांबराची कडा आणि मुरमाची साइडपट्टी यांत वीतभर फरक असेल तर ट्रकला बाजू देणारी मोटारसायकल तिथेच पडते.